जोडावरचे शिक्के

मोडी कागद हाताळणाऱ्याला 'बंद' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बंद म्हणजे कागदाची अरुंद, लांब पट्टी. मजकूर वाढला की एका बंदाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा चिकटवत जायचे आणि पुष्कळदा जोडाच्या पाठीवर शिक्का उठवायचा, म्हणजे मधला बंद कोणी काढला किंवा नवा घुसडला तर ते उघडकीला यावे. अशी गुंडाळी कित्येक पिढ्यांनी सोडली तर खळ सुटलेली असते आणि हातात येतात पाच सुट्या पट्ट्या. हे पाच वेगळे कागद कोणी एकत्र बांधून ठेवले होते, की मूळचा एकच कागद आपल्या हातात येता येता सुटला?

१९६७ नंतरची दहा-अकरा वर्षे हाच प्रश्न एका बुरशीतल्या प्रथिनाबद्दल विचारला गेला. त्याच्या बहुतेक पायऱ्या छापील शोधनिबंधांत शिल्लक आहेत. पाठ्यपुस्तकात आता उत्तर तेवढे एका ओळीत येते. ती ओळ बाजूला ठेवून निबंध तारीखवार लावले, की दिसते ते असे: पहिल्या निबंधातला मुख्य पुरावा पुढे खोटा ठरला नाही, त्याचा अर्थ तेवढा पालटला. आणि तो का पालटला हे समजायचे तर आकडा कागदावर येण्याआधी माल कोणत्या भांड्यातून गेला, इथपर्यंत मागे जावे लागते.

बुरशीचे नाव न्यूरोस्पोरा क्रासा. नारिंगी, भुकटीसारखी. १८४३ मध्ये फ्रान्समधल्या बेकऱ्यांत अशाच नारिंगी बुरशीने पावाचा नास केल्याची नोंद आहे. तिची एक सख्खी बहीण आपल्याकडे उसाच्या फडात पाचट जाळल्यावर करपलेल्या बुडख्यांवर उगवते. बंगळुरूच्या अपर्णा पंडित आणि रमेश महेश्वरी यांनी १९९६ मध्ये तिच्या जीवनक्रमावर निबंध लिहिला. १९२७ मध्ये शिअर आणि डॉज यांनी न्यूरोस्पोरा ही प्रजाती नावारूपाला आणली. १९४१ मध्ये बीडल आणि टेटम यांनी क्ष-किरणांनी तिची जनुके बिघडवून दाखवले की एकेक बिघाड शरीरातल्या एकेका रासायनिक पायरीला अडवतो. 'एक जनुक, एक एन्झाइम' हे सूत्र इथून रूढ झाले आणि १९५८ चे नोबेल त्यांच्याकडे गेले. हे सूत्र लक्षात ठेवायचे. पुढे त्याची गरज आहे.

आपली गोष्ट ज्या रासायनिक वाटेची आहे, तिचे नाव मसाल्याच्या डब्याजवळून येते. आपल्या चक्रीफुलाचा एक जपानी भाऊबंद आहे, शिकिमी नावाचे विषारी फळांचे झाड. १८८५ मध्ये आयकमन या डच रसायनशास्त्रज्ञाने त्याच्या फळांतून एक आम्ल वेगळे केले, ते शिकिमिक आम्ल. पुढे कळले की जीवाणू, बुरश्या आणि वनस्पती फिनाइलअ‍ॅलनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही तीन अमिनो आम्ले याच आम्लावरून जाणाऱ्या वाटेने बनवतात. वाटेला सात पायऱ्या. माणसाकडे ही वाटच नाही, म्हणून आपल्याला ती अन्नातून घ्यावी लागतात. आणि म्हणूनच शेतात फवारले जाणारे ग्लायफोसेट नेमके याच वाटेवरचे सहावे एन्झाइम अडवून तणाला मारते. हे श्टाइनरुकेन आणि अम्राइन यांनी १९८० मध्ये दाखवले.

न्यूरोस्पोराचे जे वाण ही अमिनो आम्ले बाहेरून दिल्याशिवाय वाढत नाहीत, त्यांना 'अरोम' म्हणू लागले. १९६० मध्ये ग्रॉस आणि फाइन यांचा निबंध आला. त्यात एक चमत्कारिक गोष्ट नोंदली गेली: या वाटेच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर अडलेले कित्येक बिघाड गुणसूत्रावर एकाच ठिकाणी, अगदी खेटून बसलेले सापडतात. बुरशीत सहसा असे नसते. एका वाटेची जनुके इकडे तिकडे विखुरलेली असतात.

पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, जेकब आणि मोनो यांनी जीवाणूंतली ऑपेरॉनची कल्पना मांडली. एका वाटेची जनुके रांगेत बसतात, त्यांचा मिळून एकच लांब संदेश निघतो आणि त्या एका संदेशावरून अनेक वेगवेगळी प्रथिने तयार होतात. त्या काळच्या जनुकशास्त्रावर या कल्पनेचा केवढा प्रभाव होता, हे त्या दशकातला कोणताही अंक उघडला तरी दिसते. येल विद्यापीठात नॉर्मन जाइल्स, मेरी केस, पार्ट्रिज आणि अहमद यांनी न्यूरोस्पोराच्या त्या दाट वस्तीकडे पाहिले ते साहजिकच या नजरेने.

त्यांचा १९६७ चा निबंध या प्रकरणाचा मूळ दस्तऐवज. मथळ्यातच दोन शब्द आहेत: जनुकांचा 'पुंजका' आणि एन्झाइमांचा 'समुच्चय'. पुरावे दोन तऱ्हेचे. एक, नकाशा. दुसऱ्या गुणसूत्रावर हे बिघाड ठरावीक क्रमाने बसतात, आणि रांगेच्या एका टोकाजवळचे काही बिघाड असे की त्यांत एक नव्हे, दुसऱ्या ते सहाव्या पायरीची सगळीच्या सगळी पाच कामे बंद पडतात. दोन, वजन. बुरशी वाटून अर्क काढायचा. नळीत साखरेचे द्रावण भरायचे, वर पातळ आणि तळाकडे दाट होत जाणारे. अर्क वरून अलगद सोडायचा आणि नळी सेंट्रिफ्यूजमध्ये तासन् तास फिरवायची. जड रेणू जास्त खाली उतरतात, हलके वर राहतात. मग नळीतले द्रावण थोडे थोडे वेगळे काढून प्रत्येक भागात कोणते एन्झाइम काम करते ते तपासायचे. पाच वेगळी प्रथिने असती तर पाच वेगवेगळ्या भागांत सापडली असती. इथे पाचही कामे एकाच भागात आली.

दोन्ही पुरावे भक्कम. त्यांवरून काढलेला निष्कर्ष असा की ही पाच जनुकांची ऑपेरॉनसारखी रांग आहे, तिच्यावरून पाच प्रथिने निघतात आणि ती एकमेकांना चिकटून राहतात. मोडीच्या भाषेत, पाच कागद एकत्र बांधलेले.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. टोकाजवळच्या एका बिघाडाने पाचही कामे का बंद पडतात? केस आणि जाइल्स यांनी १९६८ मध्ये दाखवले की यांतले काही बिघाड 'थांबा' अशी खूण अवेळी घालणारे आहेत. संदेश वाचता वाचता यंत्रणा तिथेच थांबते. जीवाणूंच्या ऑपेरॉनमध्येही अशा खुणेमुळे पुढच्या जनुकांचे उत्पादन घटते हे माहीत होते, म्हणजे चित्र जुळले. पण पाचही कामे एकाच अखंड साखळीवर असतील, तरीही नेमके हेच दिसेल: साखळी मध्येच तुटेल आणि पुढचे सारे काही बनणारच नाही. १९७१ मध्ये त्याच दोघांनी आणखी एक पुरावा दिला. अशा बिघडलेल्या बुरशीत काही वेळा समुच्चयाचा तुकडा सापडतो, आकाराने लहान, काही कामे शाबूत असलेला. हाही पुरावा दोन्हीकडे चालतो, आणि आज वाचताना तर तो अर्धवट विणलेल्या साखळीचेच वर्णन वाटतो. त्या वेळी तो पुंजक्याच्या बाजूने जमा झाला. तेव्हाच्या लेखकांना मी दोष देणार नाही. दोन अर्थ असलेल्या पुराव्याचा हाताशी असलेला अर्थ घेणे ही चूक आपण सगळेच कागदांच्या बाबतीत करतो.

दरम्यान १९६९ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात लागोपाठ दोन निबंध आले. ते जोडीनेच वाचावेत. पहिला बर्लिन आणि जाइल्स यांचा: जीवाणूंमध्ये ही पाच एन्झाइमे साखरेच्या नळीत सुटी सुटी येतात. दुसरा अहमद आणि जाइल्स यांचा: सहा बुरश्यांत, म्हणजे शिळ्या भाकरीवर येणारा रायझोपस, फायकोमायसीस, अ‍ॅब्सिडिया, अ‍ॅस्परजिलस निड्युलन्स, छत्रीसारखा कॉप्रिनस आणि मक्यावर काणी आणणारा उस्टिलॅगो, या सर्वांत पाचही एकत्र येतात. या बुरश्या एकमेकींपासून फार दूरच्या आहेत. तरीही प्रत्येकीत तीच बांधणी. जाइल्स यांच्या गटाने उत्क्रांतीचा केवढा मोठा दुवा हातात धरला होता, हे त्या कोरड्या तक्त्यांवरून सहज लक्षात येत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कमी वाखाणला गेलेला कागद हाच.

त्याच वर्षी राइन्स, केस आणि जाइल्स यांनी पाचवी जागा भरली. तोवर तिसऱ्या पायरीचे, म्हणजे डीहायड्रोक्विनेजचे स्वतंत्र बिघाड हाती लागत नव्हते. कारण मोठे सुरेख आहे. न्यूरोस्पोराकडे त्याच कामाचे दुसरे एक एन्झाइम आहे. ते गळलेल्या पानांतले क्विनिक आम्ल खाऊन पचवण्यासाठी असते. पहिले बिघडले की माल साचतो, साचलेला माल दुसऱ्याला जागे करतो आणि ते पहिल्याची पाळी उचलते. बुरशी वाढत राहते, बिघाड लपतो. दुसरे एन्झाइम आधीच निकामी असलेली बुरशी घेतली तेव्हाच पहिल्याचा बिघाड उघडा पडला. त्याला नाव मिळाले अरोम-९, आणि नकाशावर तो ५ आणि १ यांच्यामध्ये बसला. मग पूर्ण क्रम झाला: २, ४, ५, ९, १. हे आकडे विचित्र वाटतात, कारण ते सापडण्याच्या क्रमाचे आहेत. ३, ६, ७ आणि ८ याच वाटेच्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीचे असून दुसऱ्या जागी राहतात.

आता भांड्याकडे. समुच्चय शुद्ध करून त्यात किती घटक आहेत हे मोजायचे प्रयत्न चालू होते, आणि उत्तरे एकमेकांशी जुळत नव्हती. ओक रिजमध्ये गेर्टनर आणि कोल यांनी १९७६ च्या निबंधाला मथळाच दिला तो न्यूरोस्पोरातल्या प्रोटिएजच्या अडचणीचा. प्रोटिएज म्हणजे प्रथिने कापणारी एन्झाइमे. जिवंत पेशीत ती आपापल्या कप्प्यात बंद असतात. बुरशी वाटली की कप्पे फुटतात, आणि ज्या प्रथिनाचा आपण अभ्यास करणार आहोत त्याच्यावर, अर्क गाळून होईपर्यंत, कात्री चालत राहते. कापलेले तुकडे लगेच विलग होत नाहीत. घडी जागच्या जागी राहते, कामही चालू राहते. म्हणून साखरेच्या नळीत पाचही कामे एकत्र दिसतात आणि साखळी मात्र आतून तुटलेली असते. खळ सुटलेली गुंडाळी जशी दोऱ्याने बांधलेली असेपर्यंत अखंडच वाटते, तसे.

दुसऱ्या वर्षी, १९७७ मध्ये, दोन निबंध जवळजवळ एकाच वेळी आले. गेर्टनर आणि कोल यांनी जुने सूत्र उचलून ते वाढवले: एक जनुक, एक साखळी, पाच एन्झाइमे. ग्लासगोत लम्सडेन आणि कॉगिन्स यांनी प्रोटिएजला आवर घालण्याची काळजी शुद्धीकरणाच्या टप्प्याटप्प्यावर घेतली. मग साबणाच्या जातीच्या रसायनात उकळून घडी पूर्ण मोडली, आणि माल जेलमधून विजेने ओढला. पाच प्रथिने चिकटलेली असती तर रंगवलेल्या जेलवर वेगवेगळ्या उंचीवर पट्टे उमटले असते. उमटला एकच पट्टा, सुमारे १,६५,००० रेणुभाराचा, आणि हिशेबाने पूर्ण समुच्चयात अशा दोन साखळ्या.

त्यांच्या मथळ्यात मात्र एक शब्द होता: 'शक्य'. पाच कामांची एक साखळी शक्य आहे, एवढेच. मला तो शब्द फार आवडतो. कारण शंका उरली होती: एका पट्ट्यात सारख्या लांबीच्या दोन निराळ्या साखळ्या दडलेल्या असल्या तर? १९७८ मध्ये त्यांनी साखळ्यांचे ठरावीक जागी बारीक तुकडे करून ते पसरून पाहिले. साखळ्या निराळ्या असत्या तर तुकडे दुपटीकडे गेले असते. ते एकाच साखळीच्या हिशेबात बसले. त्यानंतर 'शक्य' हा शब्द गेला, त्या जागी 'पुरावा' आला.

१९८३ मध्ये स्मिथ आणि कॉगिन्स यांनी तीच कात्री मुद्दाम, बेताने चालवली. ज्या कापाकापीने दहा वर्षे घोळ घातला, तीच आता जोड शोधण्याचे साधन झाली. साखळीतून ६८,००० च्या आसपासचा एक तुकडा सुटा झाला, आणि त्यात दोन कामे जशीच्या तशी शाबूत होती. म्हणजे ही साखळी एकसंध गोळा नव्हती. तिच्यात आपापली घडी घालून बसलेले भाग होते आणि त्यांच्यामध्ये सैल, सहज कापले जाणारे सांधे होते. अशा स्वतंत्र घडीच्या भागाला डोमेन म्हणतात. बंद आणि जोड, दोन्ही आता हाताला लागले.

राहिले होते मजकूर वाचणे. त्यासाठी तुलनेचा कागद हवा होता, आणि तो कॉगिन्स यांच्या गटाने आधीच तयार करायला घेतला होता: ई. कोलाय जीवाणूतली हीच एन्झाइमे. तिथे ती पाच स्वतंत्र जनुकांत आहेत, आणि ती जनुके गुणसूत्रावर निरनिराळ्या ठिकाणी पांगलेली. ज्या ऑपेरॉनचा नमुना बुरशीत शोधला गेला, तो या पाचांपुरता ई. कोलायमध्येही नव्हता. १९८६ मध्ये चार्ल्स, हॉकिन्स आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅस्परजिलसच्या अरोम जनुकाचा पूर्ण क्रम छापला. १९८७ मध्ये डंकन, एडवर्ड्स आणि कॉगिन्स यांनी दारू आंबवणाऱ्या आणि पाव फुगवणाऱ्या यीस्टमधल्या त्याच प्रथिनाचा, १,५८८ अमिनो आम्लांचा. जीवाणूंची प्रथिने शेजारी ठेवली तेव्हा एकामागून एक जागा पटत गेल्या: आधी डीहायड्रोक्विनेट सिंथेज, मग ग्लायफोसेट ज्याला अडवते ते एन्झाइम, मग शिकिमेट कायनेज, मग डीहायड्रोक्विनेज, शेवटी शिकिमेट डीहायड्रोजिनेज. कधीकाळी सुटी असलेली पाच जनुके जोडून झालेली ही साखळी, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

वाटेतल्या पायऱ्यांच्या हिशेबाने हा क्रम २, ६, ५, ३, ४ असा पडतो. कामाच्या ओघाशी त्याचा मेळ नाही. एखाद्या कारखान्यात यंत्रे मालाच्या वाटेने मांडतात तशी ही मांडणी नाही, आणि म्हणूनच इतिहासकाराला ती मोलाची आहे. उपयोगासाठी ठरलेला क्रम दोन ठिकाणी आपोआप सारखा येऊ शकतो. निरुपयोगी क्रम दोन ठिकाणी सारखा आला तर दोन्ही प्रती एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असे समजायचे. पोथ्यांच्या वंशावळी लावताना सामाईक चुकांना महत्त्व असते ते यासाठीच. जोडावरचा शिक्का हा असा असतो.

हा शिक्का पुढे बराच कामी आला. न्यूमोसिस्टिस हा फुप्फुसात शिरणारा जीव दीर्घकाळ आदिजीवांमध्ये मोजला जाई. १९८८ मध्ये आरएनएच्या तुलनेने तो बुरशी ठरला, आणि १९९३ मध्ये त्यातही पाच कामांचे अरोम जनुक सापडले. पण हा शिक्का फक्त बुरशीचा आहे असे मानण्याची घाई नको. २००६ मध्ये रिचर्ड्स आणि सहकाऱ्यांनी पाहणी रुंद केली. टेट्राहायमेना या डबक्यात पोहणाऱ्या केसाळ एकपेशीय जीवातही पाच डोमेनांची साखळी आहे, तशीच टोक्सोप्लाझ्मातही. हे जीव आणि बुरश्या यांची फारकत अतिप्राचीन. त्यांनी म्हटले की हा जोड बहुधा बुरश्यांच्याही आधीचा, केंद्रक असलेल्या पेशींच्या आरंभकाळातला असावा. वनस्पतींनी मात्र सातही पायऱ्यांची जनुके वेगळ्याच जीवाणूंकडून घेतली. चक्रीफुलातले शिकिमिक आम्ल आणि न्यूरोस्पोरातले शिकिमिक आम्ल रसायन म्हणून एकच आहे; ते बनवणाऱ्या यंत्रांचा वंश निराळा.

आणि एकदा जोडलेले नंतर फाडलेही गेले, याचाही कागद बुरशीतच आहे. अ‍ॅस्परजिलसमध्ये क्विनिक आम्ल पचवायचे की नाही हे दोन नियंत्रक प्रथिने ठरवतात. एक चालू करणारे, क्यूटए, आणि एक बंद करणारे, क्यूटआर. हॉकिन्स, लँब, मूर आणि रॉबर्ट्स यांनी १९९३ मध्ये दाखवले की क्यूटए हे अरोमच्या पहिल्या दोन डोमेनांसारखे आहे आणि क्यूटआर शेवटच्या तीन डोमेनांसारखे. साखळीची एक जादा प्रत दुसऱ्या आणि तिसऱ्या बंदाच्या मधोमध तुटली आणि दोन्ही तुकड्यांना नवी नोकरी मिळाली. क्यूटएच्या पुढच्या टोकाला डीएनए धरणारा जस्ताचा एक तुकडाही आहे. जे एन्झाइम म्हणून माल घडवत होते, तेच वंशज मालाची चव घेऊन हुकूम देऊ लागले.

पूर्ण साखळीची प्रत्यक्ष आकृती दिसायला २०२० उजाडले. ट्युबिंगेनच्या गटाने, हर्षुल अरोरा वेरास्तो आणि सहकाऱ्यांनी, कीटोमियम थर्मोफिलम या उष्णता सोसणाऱ्या बुरशीचे अरोम स्फटिकात बसवून त्याची रचना काढली. दोन साखळ्या, दहा डोमेने, दाटीवाटीने रचलेली, तरी प्रत्येकाला आपल्यापुरती उघडझाप करायला मोकळीक. पाच यंत्रे जवळ आली की मालाची ने-आण जलद होते, हा बांधणीचा सर्वांत सोपा खुलासा वर्षानुवर्षे दिला जात होता. त्यांनी तो मोजून पाहिला. नुसते जवळ बसल्याने उत्पादन मोजता येईल इतके वाढत नाही, असे त्यांच्या मोजणीत आले.

त्या आकृतीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बोट फिरवत गेले तर डोमेने लागतात ती अशी: १९६९ च्या नकाशातले अरोम-२, मग ४, मग ५, मग ९, मग १.